मारेकऱ्याला नाव नाही, तेच योग्य

'पॉलिटेक्निक' या सिनेमात मारेकऱ्याचं मन पुरेसं उलगडत नाही, अशी त्याच्यावर मी वाचलेल्या एका लेखाची तक्रार आहे. मला ती अजिबात पटली नाही. त्याची चिठ्ठी आपण ऐकतो, त्यातला स्त्रीवादी बायकांबद्दलचा द्वेष ऐकतो. आणखी काय उलगडायचं? ६ डिसेंबर १९८९ ला कॅनडातल्या माँट्रियलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्याने वर्गातल्या मुलामुलींना वेगळं केलं, मुलांना बाहेर काढलं आणि मुलींवर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी एकूण १४ बायका गेल्या. दिग्दर्शक डेनी व्हिलनव्हने २००९ च्या या सिनेमात त्याला नावच दिलं नाही, आणि सगळं कृष्णधवल ठेवलं. रक्ताचा लाल रंग कुठेच दिसत नाही, तरी श्वास अडकतो.

पण मला सगळ्यात जास्त लागला तो गोळीबाराच्या आधीचा, सिनेमातल्या एका विद्यार्थिनीच्या मुलाखतीचा प्रसंग. तुम्ही मेकॅनिकल का घेतलं, संसार करायचा असेल तर सिव्हिल सोपं पडतं, असं मुलाखत घेणारा तो साहेब किती सहज बोलतो! मी स्वतः मेकॅनिकलची. आमच्या वर्गात आम्ही चौघीच होतो आणि हेच वाक्य मी घरच्यांकडून, सरांकडून, पहिल्या इंटरव्ह्यूतही ऐकलंय. त्या क्षणी मी सिनेमा थांबवला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

आणि वर्गाबाहेर काढलेला तो मुलगा, जो पुढे स्वतःला माफच करू शकत नाही, त्याच्याबद्दल लेखात एक ओळही नाही. त्याच्यावर जरूर लिहा.