अण्णांचे फोटो आणि हरिपूरची पेवं

"ताई, ओटीपी कुणाला सांगू नका म्हणून बँकवाले रोज मेसेज पाठवतात, आणि तुम्ही थेट फोन करून मागताय व्हय?"

जत तालुक्यातला हा माणूस मला ओळखत नाही, मी त्याला ओळखत नाही. आमचा संबंध एवढाच की त्याचा आजचा मोबाईल नंबर पूर्वी माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा होता. त्यानं फोन ठेवून दिला. बरोबरच केलं. त्याच्या जागी मी असते तर दोन शब्द सुनावूनच ठेवला असता.

माझं माहेर सांगलीत गावभागात. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट, म्हणजे अंदाज करा. घराचा खालचा मजला बुडाला. धान्य, फ्रीज, गाद्या हे सगळं पंचनाम्यात आलं. अल्बमची पेटी कुठल्या रकान्यात लिहिणार? पाणी ओसरल्यावर पेटी उघडली तर फोटो एकमेकांना चिकटून वीट झालेली. ओढला की चेहऱ्यावरचा रंग शेजारच्या फोटोला जायचा. मग बादलीत स्वच्छ पाणी घेऊन त्यात बुडवून एकेक सुटा केला. वहिनीनं गच्चीवर दोऱ्या बांधल्या आणि कपड्यांच्या चिमट्यांनी आमचं सगळं खानदान वाळत घातलं.

भाचा तेव्हा बारावीला. तो म्हणाला, वाळेल तसा एकेक फोटो मोबाईलवर काढू या. आधी पुढची बाजू, मग पाठ. पाठ कशाला? तर अण्णांनी प्रत्येक फोटोमागं गाव, प्रसंग आणि साल लिहून ठेवलेलं. तेही शिसपेन्सिलीनं, कारण शाई पाण्यात फुटते. अण्णा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, कागद कसा टिकतो हे त्यांना कळायचं. अण्णांच्याच फोनवर, त्यांच्याच नावानं खातं उघडलं, पासवर्ड त्यांच्या जुन्या एम-एटी दुचाकीचा नंबर. सगळे फोटो क्लाउडवर चढले. पुरापासून वाचायला ढगावर भरवसा ठेवणारी माणसं सांगलीतच सापडायची.

मूळ फोटोंना बुरशी लागली. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा उरलेसुरले आम्ही आमच्याच हातानं टाकून दिले. वरती आहेत ना!

2022 मध्ये अण्णा गेले. त्यांचा नंबर कुणी रिचार्ज करत राहिलं नाही. नंबर बंद झाला की तो किमान 90 दिवस दुसऱ्या कुणाला देत नाहीत, असा नियम आहे. ते 90 दिवस कधीच उलटून गेले होते. आता आईचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं आणि सगळ्यांना एकदम फोटो आठवले. पासवर्ड भाच्याला तोंडपाठ. पण नवा फोन म्हटल्यावर ओटीपी, आणि ओटीपी गेला जतला.

मग कंपनीचा फॉर्म. खातं कुठल्या महिन्यात उघडलं? ऑगस्ट. आधीचा पासवर्ड? एकच होता. उत्तर आलं, "हे खातं तुमचंच असल्याची खात्री आम्हाला पटवता आली नाही." चार वेळा भरला, चार वेळा हेच. फोन करायला नंबर नाही, जायला ऑफिस नाही. भांडायलासुद्धा कुणी नाही, आणि सांगलीच्या माणसाला हे फार जड जातं.

मला सारखी सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं आठवत होती. नव्या पिढीला "पेव फुटणं" हा वाक्प्रचार तेवढा माहीत. हरिपूरला जमिनीखाली खोल पेवं खणून त्यात हळद ठेवायचे. हवा लागत नाही म्हणून कीड नाही, वर्षानुवर्षं माल तसाच. 2005 च्या पुरानं त्यांची वाट लावली. पण अण्णांकडून ऐकलेलं एक मला महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या बोलण्यात पेव भरण्याची गोष्ट कधी आलीच नाही, यायची ती उघडण्याची. तोंड उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे, आतल्या कोंदट हवेत माणूस दगावतो. आधी कंदील सोडायचा, तो विझला नाही तर माणूस उतरवायचा. पावती कुणाकडं, ज्याच्या नावावर आहे तो वारला तर माल कुणाच्या हवाली करायचा, हे भरतानाच ठरलेलं असे. आपल्या या नव्या पेवांत भरायला एक बटण, आणि काढायचं म्हटलं की सतरा दारं. माझी तक्रार आहे ती इथं. सुरक्षा हवीच, जतच्या त्या भावालाही हवी आहे. पण मालक मेल्यावर काय, हा प्रश्न खातं उघडतानाच ठळक अक्षरात का विचारत नाहीत? "अमुक इतकी जागा शिल्लक, आता पैसे भरा" हे तर बरोब्बर विचारतात.

कायद्याचं म्हणाल तर, युरोपात 2018 पासून स्वतःची माहिती वापरता येईल अशा स्वरूपात परत मागण्याचा आणि दुसरीकडं नेण्याचा हक्क आहे. आपल्याकडं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याच्या 2018 च्या मसुद्यात तो होता, 2023 च्या कायद्यात गळला. आपल्या पश्चात कुणी हक्क वापरायचे त्याचं नाव नेमून ठेवायची तरतूद मात्र या कायद्यात आहे. अण्णा त्याआधीच गेले.

शेवटी वहिनीला देवघराच्या खणात अण्णांचा जुना फोन सापडला. बॅटरी फुगलेली. दुकानदारानं दुसरी घातली, फोन सुरू झाला आणि खातं उघडंच होतं! सगळे फोटो मागवायची विनंती केली तर त्याच फोनवर प्रश्न आला, "हे तुम्हीच आहात का?" भाच्यानं माझ्याकडं बघितलं. मी "होय, मीच" दाबलं. अण्णा रागावले नसते.

दोन दिवसांनी लिंक आली. दोन-दोन जीबीचे तुकडे, सात दिवसांची मुदत. त्यात दोन दिवस नेट बंद. उतरवले एकदाचे. उघडून बघते तर क्रम गेलेला. सगळ्यांवर उतरवल्याची तारीख आणि खरी तारीख भलत्याच फाईलमध्ये. आमचा सगळा डाव क्रमावर होता, चेहरा आणि त्यामागं त्याची पाठ. आता चेहरे एकीकडं, पाठी दुसरीकडं.

गेले आठ दिवस आई टॅब घेऊन जोड्या लावत बसलीय, पत्त्यांचा डाव मांडल्यासारखी. "हे लुगडं मिरजेच्या उरुसातलं, याला ती पाठ लाव." मी लावते. चुकलं की ओरडा बसतो. अजून 61 पाठींना चेहरा मिळालेला नाही. त्यातल्या एकीवर लिहिलंय, "हरिपूर, संगमेश्वर, श्रावणी सोमवार, 1971".

आईला विचारलं, या फोटोत कोण होतं?

"मी आणि तुझे अण्णा. भांडण झालं होतं, म्हणून दोघं दोन टोकांना उभे. नाही सापडला तरी चालेल."

आणि पुढची पाठ मागितली.