शिडाच्या बोटीतून घारापुरी: तुमच्या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार. तुम्ही दोघांनी फेब्रुवारीतल्या शनिवारी गेटवे ते घारापुरी अशी दिवसभराची सहल आमच्याकडे घेतली होती. तुमच्या चार तक्रारी आहेत: जाताना दीड तास बोट जागची हलली नाही आणि शेवटी इंजिन लावावं लागलं, परतताना बोट गाळात रुतली आणि सूर्यास्त तिथेच गेला, दिवसभर लाइफ जॅकेट काढू दिलं नाही, आणि टॉयलेट म्हणजे पडद्यामागचा डबा निघाला. दुसरी आणि चौथी तक्रार पूर्णपणे खरी आहे, चूक आमची आहे. पहिलीत आमची चूक अर्धी. तिसरी आम्हाला मान्य करता येत नाही.

आधी वाऱ्याचं. हिवाळ्यात मुंबई बंदरात सकाळी मतलई वारा, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा असतो, साधारण ईशान्य-पूर्वेकडून. साडेदहा-अकराला तो पडतो. समुद्रावरून येणारा खारा वारा वायव्येकडून भरायला साडेबारा-एक वाजतो. मधला वेळ शीड नुसतं लोंबतं. हे जवळपास रोजचंच आहे, त्यामुळे त्या दीड तासाचा दोष आम्ही स्वतःकडे घेत नाही. पण नऊला निघणाऱ्या माणसाला हे आधी सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. शिवाय घारापुरी ईशान्येच्या अंगाला, म्हणजे सकाळचा वारा जवळपास तोंडावर. आडवे-तिडवे टॅक घेत, म्हणजे नागमोडी वळणं घेत जावं लागतं आणि दहा किलोमीटरचे पंधरा होतात. आता बुकिंगच्या वेळीच सांगतो की जाताना तासभर इंजिन लागेल, शिडाची खरी मजा दुपारी परतताना.

आता गाळाचं. तुम्ही लिहिलंय, "आम्ही लेणी बघायला जास्त वेळ लावला म्हणून आम्हालाच बोल लावला." तसं कोणी बोललं असेल तर ते चुकीचं आहे आणि त्याबद्दल माफी मागतो. एकशेवीस पायऱ्या चढून लेणी नीट बघायला अडीच तास लागतातच. वेळ सांभाळणं आमचं काम होतं.

त्या दिवशी द्वितीया होती. मुंबईत तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणून भरती दुपारी दीडला आणि ओहोटी रात्री पावणेआठच्या सुमारास. पौर्णिमा नुकतीच झालेली, म्हणजे उधाणाचं पाणी: भरती 4.2 मीटरच्या आसपास, ओहोटी 0.6 मीटर. हे 3.6 मीटर पाणी सारख्या गतीने उतरत नाही. बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग जातो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे साडेतीन ते साडेपाच या दोन तासांत 1.8 मीटर पाणी जातं. आमची बोट जे-24 प्रकारची, म्हणजे चोवीस फुटी शिडाची आहे. तिची कील, म्हणजे बोटीच्या तळाखालचं वजनदार पातं, स्थिर, वर उचलता येत नाही, आणि तिला 1.22 मीटर पाणी लागतं. तुम्हाला घेऊन रबरी होडी पावणेपाचला बोटीपाशी पोहोचली. तिथूनही बाहेरच्या खोल पाण्यातून वळसा घेतला असता तर बोट सुखरूप निघाली असती. उशीर भरून काढायला बोट चालवणाऱ्या तांडेलने उथळ पट्ट्यावरून आडवाट धरली आणि पाच वाजता कील टेकली.

टेकल्यावर काय करतात हे सांगतो, कारण "सगळे एका बाजूला का बसवले" असं तुम्ही विचारलंय. मोठं शीड सैल सोडायचं, सगळ्यांनी वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला बसून बोट कलती करायची. वीस-पंचवीस अंश कलली की कील दहाएक सेंटिमीटर वर येते. मग पुढचं शीड उलट्या बाजूला धरून नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खोल पाण्याकडे वळवायची. पण त्या वेळी पाणी मिनिटाला दीड सेंटिमीटर उतरत होतं. म्हणजे ते दहा सेंटिमीटर सहा-सात मिनिटांत संपतात. आमच्या माणसाने पहिली पाच मिनिटं इंजिन रिव्हर्स मारण्यात घालवली, तीच वाया गेली. गाळात इंजिन फार वेळ चालवताही येत नाही. थंड करणारं पाणी आत ओढताना गाळ जातो, बारीक वाट तुंबते आणि इंजिन तापून बंद पडतं. तुमच्यासमोर तेच झालं.

पाचला टेकलेली बोट ओहोटी होऊन पाणी पुन्हा तितकंच चढल्यावर सुटते, म्हणजे रात्री साडेदहाच्या सुमारास. तोवर ती आडवी पडत जाते. म्हणून तुम्हाला होडीतून मोटरबोटीवर घेतलं. तो निर्णय बरोबर होता, पण घ्यायला चाळीस मिनिटं लावली. तो पाच मिनिटांत घ्यायला हवा होता, म्हणजे घारापुरीहून सुटणारी शेवटची लाँचही तुम्हाला मिळाली असती.

आता नियम असा केलाय: भरतीनंतर दोन तासांच्या आत पाहुणे बोटीवर आणि नांगर वर. आमच्या माहितीत "सूर्यास्तापूर्वी केव्हाही परत" असं वाक्य होतं, ते काढून टाकलं. त्या एका वाक्यामुळेच त्या दिवशी कोणी घड्याळ बघितलं नाही.

जॅकेटचं मात्र तसंच राहील. फेब्रुवारीतल्या उन्हात ते नकोसं होतं, मान्य. पण पाच नॉट, म्हणजे ताशी सुमारे नऊ किलोमीटर वेगाने चाललेली शिडाची बोट एका मिनिटात दीडशे मीटर पुढे जाते आणि तिला ब्रेक नसतो. पाण्यात पडलेल्या माणसापाशी वळून यायला सरावाच्या हातांनाही काही मिनिटं लागतात. लाँच, नौदलाच्या बोटी, नांगरलेली जहाजं यांच्या गर्दीत एवढा वेळ जॅकेटशिवाय काढणं धोक्याचं आहे. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला याच बंदरात झालेला अपघात आम्ही विसरलेलो नाही. एवढं मात्र करतोय की जाड फोमच्या नारिंगी जॅकेटऐवजी गळ्यात घालायची, पाण्यात पडताच आपोआप फुगणारी जॅकेटं घेतोय.

टॉयलेटबद्दल: जे-24 च्या केबिनमध्ये ताठ उभंही राहता येत नाही. तिथे वीस लिटरचं पोर्टेबल टॉयलेटच बसतं. नुसतं "टॉयलेटची सोय" असं लिहिणं दिशाभूल करणारं होतं. आता फोटोसकट लिहिलंय.

आमच्या ऑफिसने तुम्हाला निम्मे पैसे देऊ केले होते. तो हिशेब चुकीचा होता. पूर्ण रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत पाठवली आहे.

आणि पुन्हा कधी यावंसं वाटलं, आमच्याबरोबर किंवा दुसऱ्या कोणाबरोबर, तर चतुर्थी किंवा पंचमी बघा. सोमवार नको, लेणी बंद असतात. त्या तिथींना भरती तीन-पावणेचारला असते. सकाळी चढतं पाणी बोटीला आत ढकलतं, पाच वाजताही कीलखाली भरपूर पाणी असतं आणि उतरत्या पाण्यावर वायव्येचा वारा उजव्या अंगाला घेत गेटवेपर्यंत इंजिन न लावता येता येतं.