कुंडाच्या दारावर कोण बसणार?

अल्ताफच्या अम्मीला गरम पाण्याच्या कुंडावरून माघारी लावलं, ही गोष्ट कट्ट्यावर सगळ्यांना पाठ झाली आहे, म्हणून पुन्हा सांगत बसत नाही. ठिकाण मराठवाड्यातलं नव्हतं आणि नाव घ्यायचीही गरज नाही. हातावर कोड दिसलं, दारावरच्या माणसानं डॉक्टरचं सर्टिफिकेट मागितलं आणि भाड्याची गाडी करून गेलेली म्हातारी बाई पाण्याला हात न लावता परत आली. ऐकल्यापासून मला याचा राग आहे आणि तो खाली दिसेल.

काल संध्याकाळी नांदेडात मावशीच्या टपरीवर विषय परत निघाला तो प्रभाकररावांमुळं. प्रभाकरराव आठ दिवसांत युरोप बघून आले तेव्हापासून त्यांचं प्रत्येक वाक्य "तिकडं कसंय" नं सुरू होतं.

"तिकडं कसंय, सिस्टीम असते. कार्लोवी व्हारीला गेलो होतो आम्ही. जिकडं तिकडं गरम झरे. लोक चोचीचा कप घेऊन फिरतात, घोट घोट पितात. धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही."

"मग अंघोळ केली का?" अल्ताफनं विचारलं.

"वेळ कुठं होता? बस सुटत होती."

केशवमामा खाली बघून बिस्कीट बुडवत होते. मामांची सगळी नोकरी आरोग्य खात्यात कुष्ठरोगाच्या कामावर गेली. किनवट-माहूरकडचे तांडे आणि पाडे पायी पालथे घातलेला माणूस. ते लगेच बोलत नाहीत, समोरच्याला पुरतं बोलू देतात.

प्रभाकरराव रंगात आले. "माझं म्हणणं, सरकारी कुंड असलं म्हणून काय धर्मशाळा आहे का? तिकीट दोनशे करा. आधार कार्ड बघा. डॉक्टरचं सर्टिफिकेट घ्या. आणि अल्ताफ, राग मानू नको, पण ते स्किनवाले एकदम बंद करा. गर्दी अशी कमी होते का नाही बघा."

"गर्दी नाही कमी होणार परभाकर," मामा म्हणाले. "गरीब कमी होतील."

मावशीनं स्टोव्ह बारीक केला. ती हे करते तेव्हा समजायचं, आता ऐकण्यासारखं आहे.

"तू उनकेश्वरला गेलेला आहेस ना? आपल्या किनवट तालुक्यातलं? पैनगंगेच्या अंगाला?"

"गेलो की. लहानपणी."

"तिथली कथा काय सांगतात? शरभंग ऋषीच्या अंगावर रोग होता. रामानं बाण मारला, गरम पाणी काढलं, ऋषीला अंघोळ घातली. खरं-खोटं सोड. पण लोकांनी कथा कशी रचली बघ. पाणी निघालंच रोग्यासाठी. आता तुझा बोर्ड लावला की पहिलं कुणाला अडवायचं? ऋषीला! आणि राम जामीन राहतो म्हणला तर त्याचं आधार कार्ड माग."

टपरी हसली. प्रभाकरराव हसले नाहीत. "मामा, कथा वेगळी, हायजिन वेगळं."

"हायजिनवरच येतो ना. अल्ताफ, पेन दे."

अल्ताफच्या खिशातला गॅरेजच्या पावत्यांचा बॉलपेन मामांनी घेतला आणि प्रभाकररावांना मान वळवायला लावली. कॉलरच्या खाली पांढुरके, बारीक कोंड्यासारखे डाग होते. "डोळे मिट. पेन टेकलं की तिथं बोट लाव." त्यांनी डागावर टोक टेकवलं, बोट बरोबर तिथंच गेलं. शेजारी टेकवलं, बोट तिथं गेलं. परत डागावर, परत बरोबर. "कळतंय. म्हणजे बधिर नाही. हे शिबं आहेत, घामाचे. मलम लाव, जातील. कुणाला होत नाहीत तुझ्यामुळं." मग पेनाला टोपण लावत म्हणाले, "पण दारावरच्या पोराला हे येतं का? त्याला फक्त पांढरं दिसतं. तुझ्या नियमानं आज तू बाहेर आहेस परभाकर."

तेवढ्यात प्रभाकररावांनी कॉलर वर केली ती शेवटपर्यंत खाली घेतली नाही.

मामांनी मग जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण हे प्रत्येक कुंडाच्या दारावर बसणाऱ्याला माहीत पाहिजे. कोड पसरत नाही. सोरायसिस पसरत नाही. कुष्ठरोगाच्या गोळ्या चालू झाल्या की त्या माणसापासून दुसऱ्याला होत नाही, आणि नुसत्या शिवण्यानं तर तो तसाही होत नाही. पसरतात ते खरूज, नायटा असले रोग, आणि असा माणूस अंग खाजवत असतो, त्याला प्रेमानं सांगता येतं की बाबा, आधी औषध लाव, मग ये. उघडी जखम असेल तर थांबायचं, त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी पण. "इंग्रजांनी १८९८ ला कायदा केला होता, कुष्ठरोग्यांना धरून कोंडायचा. आपण तो पुस्तकातून काढला २०१६ ला! मी गोळ्या वाटायचो तवाही तो जिताच होता."

"पण मामा," सुनील सर म्हणाले. सर शाळेत इतिहास शिकवतात आणि मोबाईलवर काहीतरी वाचल्याशिवाय चहा पीत नाहीत. "नियम नकोतच असं नाही ना म्हणत तुम्ही? अमेरिकेत बघा. आर्कान्सा राज्यात हॉट स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे. १८३२ लाच सरकारनं ते झरे राखून ठेवले. १८७८ ला कायदा केला, गरिबांसाठी फुकट अंघोळीची सोय झाली पाहिजे."

"बघा!" प्रभाकरराव म्हणाले. "तिकडं..."

"पुढचं ऐका. १९११ ला त्याला शेपूट लावलं. फुकट अंघोळ पाहिजे तर आधी शपथ घ्यायची, माझ्याकडं पैसे नाहीत आणि कुठून मिळायचेही नाहीत. शपथ खोटी निघाली तर पंचवीस डॉलरपर्यंत दंड, नाहीतर तीस दिवस कैद, नाहीतर दोन्ही. वरून त्या फुकटच्या न्हाणीघरात गोऱ्यांची जागा वेगळी, काळ्यांची वेगळी."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मावशी बोलली, कप विसळता विसळता. "म्हंजे अंग धुवायच्या आधी गरिबी धुऊन दाखवायची."

मला वाटतं कालच्या दिवसातलं सगळ्यात धारदार वाक्य हेच. मामांनीही मान डोलावली. ती पुढं म्हणाली, "आमच्याकडं तर शपथ पण नाही, दाखला आहे. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढायला दोन दिवसांची मजुरी बुडते. वीस रुपयांच्या तिकिटासाठी कोण काढील?"

अल्ताफ एवढा वेळ गप्प होता. तो म्हणाला, "मला फुकट नकोच होतं मावशी. पैसे खिशात होते. अम्मी गुडघ्यासाठी गेली होती, कोडासाठी नाही. कोड पाण्यानं जात नाही हे तिला पण कळतं, चाळीस वर्षं झाले ती ते घेऊन फिरायली. त्या माणसानं तिचा हात उचलला आणि लाइनीतल्या बायांना दाखवला. बघा म्हणे. बस, तेवढंच." पुढं काही बोलला नाही. घरी आल्यावर अम्मीनं पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज शिवायला टाकले, हे मला नंतर कळलं.

आता प्रभाकररावांनी वेगळा मोर्चा उघडला आणि खरं सांगायचं तर इथं त्यांच्या म्हणण्यात दम होता. "ठीक आहे, रोग सोडा. पण पाणी घाण होतं त्याचं काय? लोक तेल चोपडून उतरतात, साबण लावतात, चड्ड्या धुतात. मी डोळ्यानं बघितलंय."

"हे बरोबर बोललास," मामा लगेच म्हणाले.

सरांनी पुन्हा मोबाईल काढला. इंग्लंडातल्या बाथ गावात रोमन काळापासून गरम पाण्याची कुंडं. १९७८ ला तिथं पोहलेली एक मुलगी मेंदूच्या आजारानं गेली. गरम, गोड्या पाण्यात वाढणारा अमीबा नाकातून मेंदूपर्यंत गेला होता. अंघोळी बंद झाल्या आणि झऱ्याच्या पाण्यात लोकांना परत उतरता आलं ते २००६ ला, नव्या इमारतीत. आपल्याकडं केरळात अलीकडं हाच आजार गाजतोय.

"म्हणजे मी म्हणतो तेच!"

"नाही परभाकर. अमीबा काही तिकीट काढून दारातून येत नाही. तो पाण्यात असतो. त्याचं सर्टिफिकेट पाण्याचं घे, माणसाचं कामून मागायलास?" मामा सरसावून बसले. "पाणी वाहतं ठेव. कुंड ठरल्या वारी रिकामं कर, शेवाळ घास. पाण्याची तपासणी कर आणि कागद दारावर चिकटव, तारखेसकट. नाकात पाणी जाईल अशा उड्या मारू देऊ नको. आधी नळाखाली अंग धू, मग उतर. जपानात असंच करतात ना सर?"

"हो. आधी बाहेर बसून साबणानं स्वच्छ धुवायचं, मग हौदात. हौदात साबण नाही, टॉवेलसुद्धा बुडवायचा नाही."

"हां. ही सिस्टीम आण की युरोपवाल्या! बीपीवाल्यानं, हार्टवाल्यानं, पोटुशी बाईनं किती वेळ बसायचं ते मराठीत मोठ्या अक्षरात लिही. वाचता न येणाऱ्याला सांगायला एक माणूस ठेव. पण तो माणूस दारावर नको, पाण्यापाशी पाहिजे."

मला सगळा मुद्दा इथंच दिसतो. पाण्यात काय करायचं याचे नियम कितीही कडक करा, मी सही करतो. पण कुणी यायचं हे दारावर बसलेल्याच्या नजरेवर सोडलं की काय होतं ते अल्ताफला विचारा. सरांनी संविधानाचं पंधरावं कलम काढलं. सरकारी पैशानं राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, इथं धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला अडवता येत नाही. प्रभाकररावांनी ताबडतोब बोट ठेवलं, "रोग नाही त्यात."

"नाही," मामा म्हणाले. "मग काय, यादीत राहून गेलं म्हणून अडवायचं? महाडचं तळं नगरपालिकेचंच होतं. सगळ्यांना खुलं असा ठराव १९२४ लाच झाला होता, कागद होता. तरी बाबासाहेबांना १९२७ ला हजारो माणसं घेऊन जावं लागलं, तवा कुठं ओंजळ भरली. आणि कोर्टाचा निकाल १९३७ ला! कागद दारावर बसत नाही परभाकर. माणूस बसतो."

इथं मावशी भडकली, पण वेगळ्याच गोष्टीवरून. "तुमचं सगळं बोलून झालं का? कलम झालं, अमेरिका झाली, जपान झालं. बाया कपडे कुठं बदलतात ते कुणी बोललं का? मी गेलते की माझ्या जावंसोबत असल्याच एका कुंडावर. एकीनं चादर धरायची, दुसरीनं आत उभं राहून ओलं लुगडं सोडायचं. वारं आलं की चादर उडते. समोर पोरं मोबाईल घेऊन. मी तर अंगावरच वाळवलं, दिवसभर खोकत होते. खोली बांधा, आतून कडी लावा, बाहेर बाई बसवा. मग तिकीट घ्या, मी देते."

कुणाकडंच उत्तर नव्हतं. प्रभाकरराव म्हणाले, "खोली बांधली की कुलूप लागतं. किल्ली कुणाकडं ठेवायची हा प्रश्न..."

किल्ली हा शब्द त्यांनी उच्चारायला नको होता. कॉलनीच्या ओपन स्पेसमधल्या व्यायामाच्या मशिनी, त्याला घातलेलं गेट आणि त्या गेटची किल्ली किती वर्षं कुणाच्या घरातल्या खुंटीला होती, हे निघालं. सकाळी त्यांचं फिरणं झालं की गेट बंद. सरांच्या पोरानं कुंपणावरून उडी मारून पँट फाडली होती, ती पँट निघाली. गणपतीच्या वर्गणीतून आणलेला बाक निघाला, जो गेटच्या आत, बरोबर त्यांच्या सावलीच्या जागेवर बसवला होता. प्रभाकरराव म्हणत राहिले, "अरे पोरं मशिनी मोडतात!" अल्ताफ म्हणाला, "साहेब, दोन मशिनी मीच वेल्डिंग करून दिल्या. पैसे अजून यायचेत."

"सिस्टीममधून येतील," मामा म्हणाले.

मग ठरलं की पुढच्या रविवारी सगळ्यांनी उनकेश्वरला जायचं. अम्मीला घेऊन, मावशीला घेऊन. गाडी अल्ताफ बघतो. प्रभाकररावही येतो म्हणाले, पण लगेच, "पुढची सीट माझी. मला बीपी आहे."

"सर्टिफिकेट?" मामांनी हात पुढं केला.

आणि या माणसानं खरंच पाकिटातून चार घड्यांची चिठ्ठी काढली. सरांनी ती उजेडात धरून वाचली. "मामा, ही दोन वर्षांपूर्वीची आहे. आणि बीपीची नाही. मूळव्याधीची आहे."

मावशीला गाळणी खाली ठेवावी लागली. अल्ताफ बाकावरून उठून रस्त्यापर्यंत गेला आणि तिथून ओरडला, "साहेब, मग तर पुढची सीट तुमचीच! तिला उशी लावतो!"