ईएसआर उतरला म्हणजे सुधारणा? सावध राहा

सिस्टेमिक जेआयए (लहान मुलांचा संधिवात) असलेल्या मुलाचा ईएसआर (रक्तातून सूज मोजणारी तपासणी) उतरला की आजार आटोक्यात आला, असं एका लेखात म्हटलंय. ताप चालू असताना हे गृहीत धरणं धोक्याचं आहे. मॅक्रोफेज ॲक्टिव्हेशन सिंड्रोममध्ये (या आजारातली जीवघेणी गुंतागुंत, जिच्यात रोगप्रतिकारक पेशी अनावर होतात) फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन खर्च होतं, म्हणून ईएसआर खाली येतो. सीआरपी (सूज दाखवणारी दुसरी तपासणी) मात्र चढाच राहतो. ही विसंगती दिसताच फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एएसटी (यकृताची तपासणी), ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) आणि फायब्रिनोजेन त्याच दिवशी पाठवावं.

या सिंड्रोमचे 2016 चे निकष असे: ताप, फेरिटिन 684 च्या वर, आणि पुढच्या चारपैकी कोणतेही दोन. प्लेटलेट्स 1.81 लाख किंवा कमी, एएसटी 48 च्या वर, ट्रायग्लिसराइड्स 156 च्या वर, फायब्रिनोजेन 360 किंवा कमी. पण आकड्यापेक्षा उतार पाहा. सिस्टेमिक जेआयएत प्लेटलेट्स मुळात वाढलेल्या असतात, त्यामुळे 6 लाखांवरून 2.5 लाखांवर आल्या तर रिपोर्टवर ‘नॉर्मल’ छापून येतं आणि तिथेच फसगत होते. जुने रिपोर्ट शेजारी ठेवूनच वाचा, तपासण्या रोज करा.

टोसिलिझुमॅब (जेआयएवरचं औषध) चालू असेल तर ताप आणि सीआरपी दोन्ही दबतात, तेव्हा तर जास्तच जपायला हवं. बोन मॅरोत हिमोफॅगोसायटोसिस (मॅक्रोफेज पेशींनी रक्तपेशी गिळणं) सुरुवातीला दिसेलच असं नाही. ते दिसण्याची वाट पाहत उपचार लांबवू नयेत.

आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यूतही प्लेटलेट्स घसरतात, फेरिटिन चढतं. एनएस1 (डेंग्यूची रक्ततपासणी) जरूर करा, पण तो पॉझिटिव्ह आला तरी हा सिंड्रोम बाद होत नाही. संसर्गामुळेही तो सुरू होतो.