अद्भुत चित्रकथेची मालिका करताना घ्यावयाची काळजी

आपल्या हाती एक चांगली अद्भुत चित्रकथा लागली आहे आणि तिची दूरचित्रवाणी मालिका करण्याचा आपला विचार पक्का झाला आहे, असे गृहीत धरून हा सल्ला देत आहे. सल्ला फुकट आहे. चॅनेलच्या बैठकीत तो स्वतःचा म्हणून खपवायलाही हरकत नाही.

सोयीसाठी एक उदाहरण घेऊ. समजा, चित्रकथा सोलापूरची आहे. शहराच्या पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात रात्रपाळीला काम करणारी एक मुलगी आहे. चादरीवर जो मोर किंवा जी वेलबुट्टी उमटते, तिचा आराखडा जकार्डच्या, म्हणजे मागावर बसवलेल्या नक्षी विणण्याच्या यंत्राच्या, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांमध्ये असतो. भोक असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे तो खालीच राहतो. एका रात्री ही मुलगी रागाच्या भरात एका पुठ्ठ्याला एक जादा भोक पाडते, आणि सकाळी शहरातली एक वस्तू नाहीशी झालेली असते. ती वस्तू कधी तिथे होती, हे या मुलीखेरीज कोणालाही आठवत नाही. शिवाय प्रत्येक जादा भोकाची किंमत तिला स्वतःच्या एका आठवणीने चुकवावी लागते. दीडशे पानांची, काळ्या शाईत काढलेली ही गोष्ट ज्याने वाचली, तो त्या रात्री चादर अंगावर घेण्यापूर्वी तिची वीण निरखून पाहतो. मालिकेच्या दृष्टीने हे लक्षण चांगले नाही. प्रेक्षक चादर निरखत बसला, तर जाहिराती कोण पाहणार?

म्हणून पहिले काम रिकाम्या जागा बुजवण्याचे. चित्रकथेत दोन चौकटींच्या मध्ये एक कोरी पट्टी असते, हे आपण पाहिलेच असेल. अमेरिकन व्यंगचित्रकार स्कॉट मॅक्क्लाउड यांनी 1993 साली या कलेवर एक अख्खे पुस्तक चित्रांतूनच लिहिले आणि खरी गोष्ट त्या कोऱ्या पट्टीत, वाचकाच्या मनात घडते, असे त्यात मांडले. आता प्रेक्षकाच्या मनात काय घडेल, याची हमी कोणता चॅनेलप्रमुख देऊ शकेल? आपल्या चित्रकथेतले एक पान घेऊ. वरच्या चौकटीत पुठ्ठ्यावर टेकलेले भोके पाडायच्या पंचाचे टोक आणि त्यामागे मुलीचा अंगठा, नखात सुताचा कोंडा. मधल्या चौकटीत अर्ध्या वाटेवर असलेला धोटा. खालच्या, पानभर रुंद चौकटीत सिद्धेश्वर तलावावरची सकाळ: पाण्यात भुईकोट किल्ल्याच्या तटाचे प्रतिबिंब स्पष्ट पडलेले आहे, पण काठावर तट नाही. एकही संवादाचा फुगा नाही. वाचक या पानावर जितका वेळ थांबेल तितका थांबेल. चित्रकार त्याच्या मागे घड्याळ घेऊन उभा नसतो.

हे पान आपण असे करावे. मुलगी तलावाकाठी येते. पार्श्वसंगीत. तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा, पुन्हा पार्श्वसंगीत. मग ती मोठ्याने म्हणते, ‘‘अरे देवा! किल्ल्याचा तट कुठे गेला? पण पाण्यात तर त्याचं प्रतिबिंब दिसतंय! म्हणजे मी काल रात्री पाडलेल्या भोकामुळे तर हे झालं नसेल ना?’’ शेजारून जाणारी आत्या थबकते आणि म्हणते, ‘‘अगं बाई, खरंच की! कालपर्यंत तर होता!’’ आता चित्रकथेचा नियम सांगतो की आत्याला काहीही आठवता कामा नये. पण नियम पाळला, तर आत्याने बोलायचे काय? आणि आत्याचे काम करणाऱ्या बाई लोकप्रिय असतील, तर त्यांना निव्वळ तलावाकाठून चालवत न्यायचे का? अशा वेळी नियम सोडावा, आत्या सोडू नये.

दुसरी बाब लांबीची. दीडशे पानांवर रोजची मालिका चालवायची म्हणजे पानांपेक्षा भाग जास्त होणार. घाबरून जाऊ नये. याबाबतीत परदेशी मंडळींनी वाट दाखवून ठेवली आहे. 1995 साली सुरू झालेल्या ‘प्रीचर’ या अमेरिकन चित्रकथेत नायकाचे टेक्ससमधले चर्च सुरुवातीलाच भक्तांसकट भस्मसात होते आणि तो देवाला जाब विचारायला वाटेला लागतो. 2016 साली तिची मालिका आली, तेव्हा पहिल्या पर्वाचे दहाही भाग त्या एका गावातच मुक्कामाला होते. दहा भाग म्हणजे आपल्याकडे दोन आठवड्यांचाही ऐवज नाही. त्या हिशेबाने आपली मुलगी पहिले भोक चाळिसाव्या भागात पाडेल. तोपर्यंत तिच्या थोरल्या बहिणीचे फिसकटलेले लग्न, कारखान्याच्या मालकांचा परदेशातून परतलेला धाकटा मुलगा, हळदीकुंकू आणि एक हरवलेला हार एवढ्यावर सहज निभावते. संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, यात्रेचा विशेष भाग करावाच. नंदीध्वजांची मिरवणूक आणि अक्षता सोहळा यांची दृश्ये कोणाच्या तरी मोबाइलमध्ये मिळतील. नायिका मुंबईत हिरव्या पडद्यासमोर उभी राहून हात जोडेल.

तिसरी बाब मात्र सर्वांत महत्त्वाची, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे. अद्भुताला कधीही एकटे सोडू नये. त्याला ताबडतोब एखाद्या ओळखीच्या साच्यात बसवावे. एका अमेरिकन चित्रकथेत नरकाचा राजा गादी सोडून लॉस एंजेलिसला येतो आणि पियानोचा बार चालवतो. सृष्टी, बाप आणि बंड यांवरची मोठी गोष्ट ती. 2016 साली ‘ल्युसिफर’ या नावाने तिची मालिका झाली, तेव्हा सैतानाला पोलिसांकडे लावण्यात आले आणि तो दर भागात एका खुनाच्या तपासाला हातभार लावू लागला. विश्वाच्या आरंभापासूनचा अहंकार घेऊन मनुष्य पंचनाम्याला हजर! तीन पर्वांनंतर मूळ वाहिनीने ती बंद केली, पण दुसऱ्या कंपनीने उचलून धरली आणि 2021 पर्यंत तिची सहा पर्वे झाली. यशाचा याहून वेगळा पुरावा आपल्याला चॅनेल मागणार नाही.

आपल्याकडे पोलिसाऐवजी सासर आहे. म्हणून कारखान्यात काम करणाऱ्या मुलीला मालकांच्या धाकट्या मुलाशी लग्न करून त्या घरात आणावे. तिथे मोठा जिना असावा. सोलापुरातल्या यंत्रमागवाल्याच्या घरात असा जिना असतो का, हा प्रश्न कोणी विचारल्यास त्याला पुढच्या बैठकीला बोलावू नये. आता पाहा, तिची शक्ती कशी उपयोगी पडते ते. चित्रकथेत प्रत्येक जादूमागे तिची एक आठवण जाते: आधी आजीचा आवाज, मग शाळेची वाट, मग स्वतःच्या आईचा चेहरा. शेवटी शहर सावरते आणि त्यात ती अनोळखी माणसासारखी उभी राहते. वाचकाला हे फार लागते, असे म्हणतात. चॅनेलला मात्र यात नायिकेचा स्मृतिभ्रंश दिसेल आणि तो फारच आवडेल. अट एवढीच की तिने आजीचा आवाज वगैरे न विसरता थेट नवऱ्याला विसरावे, आणि जिन्यावरून पडल्यावर तिला तो पुन्हा आठवावा. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात. ती कोणाला विसरणार आणि कधी आठवणार, हे त्या दिवशी दुपारी ठरवणे सोयीचे.

नावे आणि भाषा यांविषयी फार बोलण्याची गरज नाही. ‘लॉक अँड की’ या चित्रकथेतल्या गावाचे नाव लव्हक्राफ्ट होते. मालिकेत ते मॅथसन झाले. म्हणून आपणही सोलापूरचे सोनपूर करून टाकावे, म्हणजे महापालिकेपासून यात्रा समितीपर्यंत कोणाचीही मनधरणी करावी लागणार नाही. पूर्व भागातल्या एका कारखान्यात मालक तेलुगू बोलतो, जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम, कन्नडमध्ये शिव्या घालतो, चहावाला दखनीत उधारी मागतो आणि हे तिघे एकमेकांशी मराठी बोलतात. चित्रकाराने हे प्रत्येकाच्या फुग्याचा आकार आणि अक्षराचे वळण बदलून दाखवले असेल. ‘सँडमॅन’ या गाजलेल्या चित्रकथेत स्वप्नांच्या राजाचे संवाद काळ्या फुग्यात पांढऱ्या अक्षरांनी लिहिलेले असत. अक्षरलेखक टॉड क्लाइन यांच्या त्या कामामुळे त्याचा आवाज वाचकाला नुसत्या डोळ्यांनी ऐकू येई. 2022 साली त्याची मालिका झाली, तेव्हा तो आवाज एका हाडामांसाच्या नटाला काढावा लागला आणि बिचाऱ्याने त्यासाठी बरीच मेहनत घेतली. आपण असल्या भानगडीत पडू नये. सर्वांनी सदाशिव पेठेतले मराठी बोलावे. सोलापूर वाटावे म्हणून घरगड्याच्या तोंडी दर वाक्याला ‘‘काय बे’’ आणि ‘‘हाय की’’ घालावे; ‘‘बे’’ कोणाला म्हणतात आणि कोणाला म्हणत नाहीत, याची चौकशी करू नये, म्हणजे तो सासऱ्यांनाही ‘‘काय बे’’ म्हणू शकेल.

खर्चाबाबत एक कटू सत्य ध्यानात ठेवावे: कागदावर चहाचा कप काढायला जेवढी शाई लागते, साधारण तेवढ्याच शाईत अदृश्य झालेला किल्लाही निघतो. कॅमेऱ्यापुढे तसे नसते. वर उल्लेखलेल्या ‘लॉक अँड की’ मध्ये एका किल्लीने माणसाची कवटी डबीच्या झाकणासारखी उघडते आणि आत त्याच्या आठवणी बाहुल्यांएवढ्या होऊन वावरताना दिसतात. मालिकेत त्याऐवजी एक दार आले, ज्यातून आत चालत जाता येते. दार बांधायला सुतार पुरतो. तरीही ही मालिका पडद्यावर यायला काही थोडी वर्षे लागली नाहीत: 2011 मध्ये एका वाहिनीसाठी तिचा नमुना भाग तयार झाला आणि नाकारला गेला, पुढे दुसऱ्या कंपनीने नव्याने नमुना भाग करून तोही नाकारला, आणि 2020 मध्ये तिसरीने ती दाखवली. आपल्याकडे इतका धीर कोणाला आहे? सोमवारी होकार, शुक्रवारी चित्रीकरण. किल्ला दाखवणे परवडत नसेल, तर तो नाहीसा झालेला दाखवणे तरी स्वस्त पडायला हवे होते. पण प्रतिबिंबासाठी ग्राफिक्सवाला वेगळे पैसे मागतो, म्हणून प्रतिबिंबही गाळावे आणि आत्याने सांगितल्यावर प्रेक्षकाने विश्वास ठेवावा.

इथे एखादा जुना प्रेक्षक आपल्याला अडवील आणि ‘विक्रम और बेताल’चे नाव घेईल. त्याच्यापासून सावध राहावे. 1985 च्या सुमारास दूरदर्शनवर आलेल्या रामानंद सागरांच्या त्या मालिकेत खर्चिक असे फारसे काही नव्हते. एक राजा, त्याच्या खांद्यावर एक प्रेत, रात्रीचे स्मशान, आणि एक नियम: राजा बोलला की वेताळ पुन्हा झाडावर. हा नियम कोणाही आत्यासाठी मोडला गेला नाही. त्याआधी कितीतरी वर्षे ‘चांदोबा’त चित्रकार शंकर यांनी काढलेले, तलवार उपसून प्रेत वाहून नेणाऱ्या राजाचे चित्र पाहत पोरे मोठी झाली होती; पूर्व भागातल्या घरांत तर तेच चित्र तेलुगू अंकातही भेटे. ते चित्र डोक्यात असलेल्या पोरांनी मालिकाही डोळे फाडून पाहिली. हे उदाहरण अतिशय गैरसोयीचे आहे. नियम पाळून, थोडक्यात आणि कमी पैशांत अद्भुत दाखवता येते, असा समज पसरला, तर इतक्या बैठका, इतके सल्लागार आणि इतके जिने यांचे करायचे काय?

राहता राहिला मूळ चित्रकार. तो बहुधा सोलापुरातच, नव्या पेठेत किंवा भवानी पेठेत कुठेतरी राहत असेल आणि मालिकेतल्या पुठ्ठ्यांची भोके चुकीची पडली आहेत, त्या नमुन्यातून मोर विणला जाणार नाही, असे कळवायला फोन करील. फोन घ्यावा, आदराने बोलावे, ‘‘सर, आपलंच लेकरू आहे, थोडं मोठं केलंय,’’ असे म्हणावे आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव सर्वांत शेवटी, जेवणव्यवस्थेच्या खाली, ‘मूळ कल्पना’ म्हणून द्यावे. मानधनाचा विषय निघालाच, तर हुतात्मा स्मृती मंदिरात जाहीर सत्कार ठेवावा आणि शालीऐवजी खास सोलापुरी चादर त्याच्या खांद्यावर घालावी. चादर इथलीच घ्यायला हवी असे नाही. त्याच नावाच्या परराज्यातल्या नकला स्वस्त मिळतात, आणि छायाचित्रात फरक कळत नाही. चित्रकाराला कळेल, पण तेवढ्यात त्याच्या हातात नारळ द्यावा.