टो-क्लिपमध्ये ‘कुठलेही स्पोर्ट्स शूज’ चालत नाहीत

पाऊस उघडला की कोल्हापुरात सायकली बाहेर पडतात. पन्हाळा, जोतिबा, कुणी थेट गगनबावडा. माळ्यावर पडलेल्या जुन्या स्टीलच्या रेसर सायकलीही खाली येतात, आणि त्यांच्या पॅडलला टो-क्लिप (बुटाचं पुढचं टोक अडकवायचा पिंजरा) आणि पट्टे असले की पहिला प्रश्न ठरलेला: बूट कुठले घालू? त्यावर सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक मेसेज उत्तर म्हणून पुढे ढकलला जातो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: टो-क्लिपला वेगळे बूट लागत नाहीत, चांगले रनिंग शूज घ्या; सोल जितका जाड आणि मऊ तितके पाय सुखात; तळाच्या खाचा खोल असू द्या, पॅडल धरून ठेवतात; एक नंबर मोठा घ्या; पट्टा करकचून आवळा, पाय वर ओढून निम्मी ताकद मिळते; अगदीच हौस असेल तर क्लीटचे (तळाला पॅडलमध्ये अडकणारा तुकडा असलेले) बूट घ्या, ते टो-क्लिपमध्येही चालतात; आणि काहीच नको असेल तर आपली कोल्हापुरी आहेच.

हा मेसेज वाचून नवा माणूस बूट घेतो, तासाभरात त्याच्या बोटांना मुंग्या येतात, सिग्नलला पाय वेळेत निघत नाही, आणि तो घरी जाऊन टो-क्लिप काढून टाकतो. दोष बुटाचा असतो आणि शिक्षा क्लिपला होते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘सोल जितका जाड आणि मऊ तितके पाय सुखात.’ मेसेजमधला सगळ्यात नुकसानीचा मुद्दा हाच. रनिंग शूजचा सोल पळण्यासाठी घडवलेला असतो. पळताना प्रत्येक पावलाला शरीराचं वजन जमिनीवर आदळतं, तो दणका गिळायला फोमचा थर असतो. सायकलवर पाय कुठेच आदळत नाही. तिथं चवडा सतत एकाच जागी दाबला जातो. मिनिटाला 70 फेरे धरले तर तासाला 4200 वेळा, एकेका पायानं. आणि जुन्या रेसर पॅडलवर पाय टेकायची जागा म्हणजे पुढचा आणि मागचा असे दोन पातळ पत्रे. फोम त्या कडांवर दबतो, पत्रा चवड्याखाली जाणवायला लागतो, सोल मधोमध वाकतो आणि तळपायाला स्वतःच ताठ राहावं लागतं. चवड्याच्या हाडांमधून बोटांकडे जाणाऱ्या नसा चेपल्या की मुंग्या आणि जळजळ सुरू. वाघबीळपासून पन्हाळ्याच्या चढाला उभं राहून पॅडल मारताना तर सगळं वजन त्या दोन कडांवर येतं.

दुकानात हातात घेतल्यावर जो बूट लोण्यासारखा मऊ लागतो, तोच इथं पाय मोडतो. हवा तो पातळ पण ताठ सोल. पारख सोपी आहे: एका हातात बुटाची टाच, दुसऱ्या हातात त्याचं नाक, म्हणजे पुढचं टोक, धरून बूट वाकवा. बोटांपाशी थोडा वाकला तर हरकत नाही, चालायला तेवढं लागतंच. कमानीखाली मधोमध दुमडला तर परत ठेवा.

जाड सोलची आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. सोल सेंटीमीटरभर जाड झाला की पाय पॅडलपासून तेवढा वर जातो, म्हणजे सीट सेंटीमीटरभर खाली घेतल्यासारखं होतं. सीटची उंची एका बुटावर बसवलेली असते. बूट बदलला की ती पुन्हा बघावी लागते. बूट बदलल्यावर गुडघा पुढून दुखायला लागला, तर आधी इथं बघा.

‘खोल खाचा पॅडल धरून ठेवतात.’ नुसत्या सपाट पॅडलवर पकड बुटाच्या तळातूनच येते, तिथं या म्हणण्यात थोडा अर्थ आहे. टो-क्लिपमध्ये धरून ठेवायचं काम क्लिप आणि पट्टा करतात. बुटानं करायचं ते उलट: सरळ आत सरकायचं आणि सरळ मागं निघायचं.

पाय आत जातो कसा, ते जवळून बघा. क्लिपच्या वजनानं पॅडल उलटं लोंबतं. बुटाच्या नाकानं पॅडलच्या मागच्या कडेला हलका ठोसा द्यायचा, पॅडल गरकन फिरतं, आणि ते फिरून वर येतं त्या क्षणी पाय पुढं सारायचा. बऱ्याच रेसर पॅडलना यासाठीच मागं एक छोटी जीभ काढलेली असते. खोल खाचांचा सोल या जिभेत आणि मागच्या पत्र्यात अडकतो. आत जाताना अडकला तर नुसती चिडचिड होते. बाहेर निघताना अडकला तर दसरा चौकाच्या सिग्नलला रिक्षा आणि केएमटीच्या बसच्या मध्ये तुम्ही सायकलसकट आडवे. टो-क्लिपमधून पाय मागं ओढून काढायचा असतो, टाच बाहेर फिरवून निघत नाही, त्यामुळे तळ जितका सपाट तितकं बरं. बॅडमिंटनच्या किंवा इनडोअर फुटबॉलच्या बुटांना असतो तसा सपाट रबरी तळ पावसातही बऱ्यापैकी काम देतो.

सपाट तळाचा एक जास्तीचा फायदा: काही दिवस चालवल्यावर त्यावर पॅडलच्या पत्र्यांच्या दोन काळ्या रेघा उमटतात. त्या रेघांच्या मधोमध पॅडलचा आस असतो. तिथं चवड्याचा सगळ्यात रुंद भाग, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी असलेलं हाड, येत असेल तर क्लिपचं माप बरोबर. रेघा नाकाकडे गेल्या असतील तर क्लिप आखूड आहे. जुने रेसर याच रेघा बघून बुटाखाली खाचेचं क्लीट ठोकायचे.

‘एक नंबर मोठा घ्या.’ उन्हात दोन-तीन तास चालवल्यावर पाय फुगतो, हे खरं. त्यासाठी बूट संध्याकाळी घ्यायला जा, राइडला घालता तेच मोजे घालून मापून बघा. नंबर मोठा घेतला तर पाय बुटात मागंपुढं सरकतो आणि बुटाचं नाक क्लिपच्या पुढच्या कमानीवर आपटत राहतं. टो-क्लिप लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येतात, आणि कुठलं माप लागेल ते बुटाच्या बाहेरच्या लांबीवर ठरतं. नाकाला फुगीर रबर लावलेला बूट आतून तुमच्याच मापाचा असला तरी क्लिपसाठी लांब ठरतो, आणि चवडा आसाच्या मागं राहतो. नाक आणि क्लिप यांच्यात तीन-चार मिलिमीटर फट हवी. क्लिप किंचित आखूड पडत असेल तर ती आणि पॅडल यांच्यामध्ये वायसर घालून पुढं सरकवता येते.

‘पट्टा करकचून आवळा, निम्मी ताकद वर ओढण्यातून मिळते.’ नाही मिळत. साध्या चालीत जवळजवळ सगळी ताकद खाली दाबण्यातून येते. वर येणारा पाय फार तर स्वतःचं ओझं दुसऱ्या पायावर पडू देत नाही. टो-क्लिपचा खरा उपयोग वेगळा आहे: पाय नेमक्या जागी राहतो, खड्ड्यातून किंवा ओल्या रस्त्यावरून जाताना पॅडलवरून उडत नाही, आणि भरभर पॅडल मारताना निसटत नाही. एवढ्यासाठी पट्टा अंगासरशी बसला की पुरे. जपानमधल्या केइरिन या ट्रॅकवरच्या सायकल शर्यतींत आजही टो-क्लिप आणि पट्टे वापरतात आणि ते घट्ट आवळतात, पण त्या ट्रॅकवर सिग्नल नसतो, म्हैस आडवी येत नाही.

आपण डाव्या बाजूनं चालतो, थांबताना डावा पाय कडेला टेकतो. म्हणून गावात डावा पट्टा सैलच ठेवा, आणि हात खाली नेऊन अंगठ्यानं बक्कल ढकलून पट्टा सोडायची सवय घरासमोर थांबून करा. पट्टा पॅडलमधून ओवताना आत एक पीळ द्या, म्हणजे तो जागचा सरकत नाही.

पट्ट्याचा विषय निघालाच आहे तर बुटाच्या वरच्या भागाबद्दल. रनिंग शूजची जाळी हवेशीर असते, पण पट्टा बरोबर तिच्यावरून जातो आणि कापड पातळ असल्यामुळे सरळ पायाला चावतो. शिवाय महिन्या-दोन महिन्यांत जाळी तिथंच फाटते. पट्ट्याखाली चामडं किंवा जाड कापड हवं, आणि नेमकी तिथं जाड शिवण नको. बाकी बूट चांगला असेल तर चांभाराकडून दोन्ही बाजूंना चामड्याचा तुकडा शिवून घ्या. कोल्हापुरात चामडं कळणाऱ्या माणसांची वानवा नाही. आतला सुकतळा काढून त्याखाली कडक पत्र्याचा किंवा जाड चामड्याचा थर बसवून घेतला तर मध्यम मऊ सोलही सुधारतो. या छोट्या कामांना आपले कारागीर नको म्हणत नाहीत, फक्त पॅडल सोबत नेऊन दाखवा, म्हणजे त्यांना जागा समजते.

‘क्लीटचे बूट टो-क्लिपमध्येही चालतात.’ क्लीट खटकन अडकून बसणारी पॅडल आली ती टो-क्लिपला पर्याय म्हणून. लुक कंपनीनं 1984 मध्ये आणली, 1985 मध्ये फ्रेंच रेसर बर्नार इनोनं त्यांच्यावर टूर द फ्रान्स जिंकली, आणि काही वर्षांत शर्यतींतून पट्टे गेले. त्या जातीच्या बुटाखाली तीन बोल्टचं प्लॅस्टिकचं क्लीट बाहेर आलेलं असतं. ते पत्र्याच्या पॅडलवर ठेवलं तर बूट डुगडुगतो आणि घसरतो. पण दोन बोल्टचे, चालता येणारे बूट मिळतात, ज्यांच्या तळात क्लीटची जागा झाकलेली असते. ते झाकण न काढता वापरले तर ताठ सोल आयता मिळतो. तेवढं फक्त बघायचं, की नाकापाशी मोठ्या खाचा नसाव्यात आणि नाक क्लिपमध्ये मावावं. मेसेजमधल्या या एका ओळीत निम्मं खरं आहे, आणि नेमकं तेच त्यात लिहिलेलं नाही.

आता कोल्हापुरी. बाभळीच्या साली आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, 2019 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन, पिढ्यान्‌पिढ्यांचे हात. तिच्याबद्दल वाद नाही. साध्या सायकलच्या रबरी पॅडलवर कोल्हापुरी घालून गंगावेशीतून रंकाळ्याला जाणारे आपण रोज बघतो, खुशाल जावं. टो-क्लिपमध्ये मात्र ती धोक्याची आहे. तिचा तळ सपाट आणि ताठ असतो, त्यामुळे ती आत छान जाते. पण पाय तिच्यात अंगठ्यानं आणि वरच्या पट्ट्यानंच धरलेला असतो, टाचेला मागून काही नाही. पाय मागं ओढला की चप्पल क्लिपमध्ये आणि पाय हवेत. गुळगुळीत चामडी तळ आणि ओलं लोखंड एकत्र आलं की घसरणं वेगळंच. शिवाय चिखलपाण्यानं ती चप्पलही वाया जाते.

मग घ्यायचं काय? आधी घरातलेच बूट तपासा. पातळ रबरी तळाचे चामडी बूट, ऑफिसचे जुने का असेनात, बॅडमिंटनचे बूट, किंवा झाकणवाले दोन बोल्टचे बूट, या क्रमानं बघा. कॅनव्हासचे पांढरे पीटीचे बूट क्लिपमध्ये सुरेख बसतात, पण सोल इतका लवचीक असतो की आत थर घातल्याशिवाय लांबच्या राइडला नेऊ नका. नाडी कशीही असली तरी तिची टोकं खोचून ठेवा, उजव्या पायाची विशेष. सुटली तर चेनमध्ये जाते.

आणि नवे घ्यायचे असतील तर क्लिपसकट एक पॅडल काढून पिशवीतून दुकानात न्या. दुकानदार बघत राहील, बघू दे. बूट पायात घाला, पॅडल जमिनीवर ठेवून चवडा आसावर येतो का बघा, नाकाची फट बघा, पट्टा ओढून कुठं टोचतो ते बघा, आणि पाय सरळ मागं ओढून बघा. बहुतेक पॅडलना 15 चा पाना लागतो. उजवं पॅडल नेहमीसारखं घड्याळाच्या काट्याच्या उलट्या दिशेनं सुटतं. डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवा, नाहीतर जोर लावून आणखी घट्ट करून बसाल.