"जेल टाकलं असतं तर?": एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा राग पोचला. तुमचं म्हणणं असं: वहिनींचं एंडोमेट्रिओसिसचं (गर्भपिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढतं, तो आजार) ऑपरेशन झालं, दोन वर्षांत पुन्हा दुखायला लागलं, तपासल्यावर ओव्हरी आणि आतडं चिकटलेलं निघालं. "चिकटू न देणारं जेल" टाकलं नाही म्हणूनच हे झालं, आणि माझ्या लेखात त्याला एकच वाक्य, म्हणजे मी डॉक्टरांची पाठराखण करते.

एकच वाक्य मी मुद्दाम लिहिलं होतं. पोटातल्या अवयवांवरचं पातळ अस्तर कापलं, भाजलं किंवा नुसतं कोरडं पडलं, तरी काही तासांतच तिथे फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, चिकट थर जमतो. एरवी शरीर तो विरघळवतं आणि आठवडाभरात नवं अस्तर धरतं. पण त्या जागी रक्तपुरवठा तुटला असेल, जळकं मांस उरलं असेल, तर थर विरघळत नाही, त्यात तंतू शिरतात आणि ओव्हरी गर्भपिशवीच्या मागे चिकटून बसते. म्हणजे निकाल बराचसा ऑपरेशनच्या टेबलावर आणि त्यानंतरच्या चार-सहा दिवसांत लागतो.

चॉकलेट सिस्ट (या आजारात ओव्हरीत होणारी, जुन्या रक्ताने भरलेली गाठ) सोलून काढली की उरलेल्या जागेतून रक्त झिरपत राहतं. घाई असली की सरसकट विजेचा करंट मारून, जागा भाजून ते थांबवतात. रक्त थांबतं खरं, पण ओव्हरी होरपळते, बीजांचा साठाही घटतो. त्यापेक्षा पाण्याची धार सोडून नेमकी झिरपणारी जागा शोधायची, तेवढीच पकडायची. याला वेळ लागतो, आणि बिलात हा वेळ वेगळा दिसत नाही. जेलचा डबा मात्र दिसतो!

आता जेल-जाळीकडे. ऑक्सिडाइज्ड सेल्युलोजची जाळी ओव्हरीवर पसरतात. दिसायला गॉजचा तुकडाच. खाली रक्त झिरपत असेल तर ती बघता बघता काळी पडते, आणि मग तिचा उपयोग संपला. कोरड्या जागेवर ती चिकटणं कमी करते. एश्रे या युरोपीय संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी तिला मान्यताही दिली होती. दुखणं कमी होतं किंवा दिवस राहायची शक्यता वाढते, हे मात्र सिद्ध झालेलं नाही. अवयव एकमेकांपासून सुटे राहावेत म्हणून पोटात सोडायचं आयकोडेक्स्ट्रिनचं द्रावण अमेरिकेत २००६ साली मंजूर झालं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत ते रिंगर लॅक्टेट या साध्या सलाइनसारख्या द्रावणाहून सरस ठरलं नाही, आणि त्याच २०१४ च्या सूचनांनी एंडोमेट्रिओसिसच्या ऑपरेशननंतर ते वापरू नका म्हणून सांगितलं.

एक तक्रार तुमची शंभर टक्के रास्त आहे. सही घेण्याआधी "पुन्हा चिकटू शकतं, ते टाळायला आम्ही अमुक करणार आहोत" एवढं वहिनींना सांगायलाच हवं होतं.

आणि एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत सुटली आहे. एंडोमेट्रिओसिस स्वतःच अवयव चिकटवतो, ऑपरेशन न होताही. म्हणून दोन वर्षांनी दिसलेलं चिकटणं जुन्या जखमेचं की परत आलेल्या आजाराचं, हे आधी ठरवावं लागेल. पहिल्या ऑपरेशनच्या नोट्स मागून घ्या, व्हिडिओ असेल तर तोही. त्या ऑपरेशननंतर डायनोजेस्ट (हार्मोनचं औषध), गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी कॉइल असं काही सुरू होतं का, हेही विचारा. मूल लगेच नको असेल तर आजार परतू नये म्हणून ते देतात. दुसऱ्यांदा पोटात दुर्बीण घातली असेल आणि तुकडा तपासायला पाठवला असेल, तर तो रिपोर्ट सगळ्यात आधी शोधा.